आत्याबाईंचं पान

सर्वपित्रीच्या दिवशी न सांगता दारात येऊन उभं राहायचं हे पोंक्ष्यांच्या घरात फक्त अनघालाच सुचू शकतं. सकाळी सातच्या शिन्कानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ती क्योतोहून निघाली आणि दहाच्या सुमाराला जपानच्या राजधानीतल्या कोतो भागात तिच्या चुलतभावाच्या, सत्यजितच्या फ्लॅटची बेल वाजली. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकचं फोल्डर, केस विस्कटलेले. त्याच्या आईने, सुहासिनीबाईंनी दार उघडलं आणि आधी तिचा हात धरून आत ओढली. जेवायला एक माणूस वाढलं याचा त्यांना इतका आनंद झाला, की ती का आली हे विचारायचंच राहून गेलं.

माधवराव सोफ्यावर बसले होते. पुतणीला त्यांनी नीट न्याहाळलं. मुलगी डॉक्टरेट करते, सुट्टीच्या दिवशीही लायब्ररीत बसते, सणावाराला फोनसुद्धा करत नाही, आणि आज अमावास्येला तीनशे मैल धावत येते. काहीतरी घेऊन आलीये ही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

ती आली होती त्या पुस्तकासाठी. शके अठराशे तेराचं ‘भार्गवराम-चरित्र’, कवी भार्गवराम पोंक्ष्यांच्या एका शिक्षक मित्राने लिहिलेलं. जगात त्याची एवढी एकच प्रत उरली असावी. माधवराव निवृत्त हेडमास्तर, वय चौऱ्याहत्तर. कवींच्या स्मारक समितीचे तीस वर्षं चिटणीस. पुण्याहून येताना ती प्रत त्यांनी मांडीवर ठेवून आणली होती, विमानात चहासुद्धा लांबूनच प्यायला. दसऱ्याला नवी आवृत्ती निघणार होती, आणि त्या समारंभात कवींचे खापरपणतू म्हणून त्यांचा सत्कार व्हायचा होता. शालही ठरली होती.

स्कॅनिंगचं काम सत्यजितने अंगावर घेतलं. इथल्या लोकांची पद्धतच अशी, की पुस्तकाची पाठ सरळ कापायची आणि सुटी पानं मशीनमध्ये सोडायची. कापताना माधवराव गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. पण पुढचं बघून ते खूष झाले. सत्यजितने स्वतः प्रोग्राम लिहून पानं अशी धुऊन काढली, की डाग गेले, पिवळेपणा गेला, समासातली गिचमिड गेली. ती गिचमिड मोडीत होती. छापखान्याच्या खुणा आहेत त्या, असं माधवरावांचे वडील सांगायचे. आणि पाच पिढ्या साहित्याच्या गप्पा मारणाऱ्या या घरात आता मोडी कुणालाच येत नव्हती, आणि ज्याला येते त्याला विचारावं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

अनघाला येत होती. क्योतोतल्या तिच्या मार्गदर्शक ओगावा बाईंनीच तिला ती शिकवली. जपानी बाई, मराठी बोलताना अडखळते, पण मोडी कागद हातात दिला की घडाघडा वाचते. सत्यजितने कधीतरी कच्चे स्कॅन तिला पाठवले होते, जुन्या शब्दांचे अर्थ विचारायला.

“फाइल कधी जाणारे?” अनघाने बूट काढता काढता विचारलं.

आजच, सत्यजित म्हणाला. पुण्यातल्या छापखान्याचे मोहनराव खास रविवारी भल्या सकाळी येऊन बसणार होते. गुरुजी व्हिडिओवर बाराला येतील, त्याच्या आत फाइल पाठवून मोकळं व्हायचं असं ठरलं होतं.

“मग मला आत्ताच बोलायला हवं.”

माधवराव म्हणाले, आधी हातपाय धू, चहा घे, पितरांचं होऊ दे, संध्याकाळी बोलू. अनघा म्हणाली की संध्याकाळी बोलून उपयोग नाही, तोपर्यंत पुस्तक गेलेलं असेल. आणि ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. ती बसली ती पद्धत बघूनच सत्यजितच्या बायकोने, वैभवीने ओळखलं, की ही आता उठायची नाही.

सासूबाईंच्या हाताखाली सकाळपासून राबून वैभवीची कंबर मोडली होती. अळू मिळेना म्हणून कोमात्सुना या जपानी पालेभाजीचं फदफदं, गवार ओजिमाच्या भारतीय दुकानातून, आणि केळीची पानं फ्रोझन. त्यात बिल्डिंगच्या खाली मोठी सूचना लावलेली, कावळ्यांना खायला घालू नये. काकबळीचं काय करायचं यावर काल तासभर चर्चा झाली होती. एवढं सगळं चाललेलं असताना आता घरात वाद नको, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तिने नवऱ्याला डोळ्यांनी तसं सांगितलंही.

अनघाने फोल्डर उघडलं. म्हणाली, छापखान्याच्या खुणा नाहीयेत त्या. कुणीतरी हे चरित्र वाचता वाचता समासात उत्तरं लिहिलीयेत.

पहिलं तिने मुद्दाम हलकं वाचलं. चरित्रकाराने लिहिलं होतं की कवी रोज पहाटे नदीकाठी ध्यानस्थ बसत. शेजारी समासात लिहिलेलं: “दाढ दुखे. गार पाण्याची चूळ बरी वाटे.”

सत्यजित हसला. माधवरावही हसले, आणि पुढे सरकून बसले. पुढचं होतं त्या प्रसिद्ध दीर्घकाव्याबद्दल. चरित्रकार म्हणतो, एका रात्रीत झालं. समास म्हणतो: “एके रात्रीत नव्हे. सहा मास लागले. कागद मी शिवून दिले.”

“अरे वा,” माधवराव म्हणाले. समकालीन माणूस आहे, घरात वावरलेला. शेवटी परिशिष्ट जोडता येईल, समितीला फार आवडेल. कोण असावा, असं त्यांनी विचारलं. शिष्य वगैरे?

अनघाने पान उलटलं. छापलेलं वाक्य तिने सावकाश वाचलं, की घरात एक विधवा बहीण असे. आणि त्याच्या कडेला दोनच शब्द होते.

“नाव सगुणा.”

 वैभवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या देशात आल्यावर पहिली चार वर्षं तिच्या रहिवासी कार्डावर ‘कुटुंबासोबत वास्तव्य’ एवढंच लिहिलेलं होतं. पुण्यात सात माणसांची टीम सांभाळणारी बाई इथे प्रत्येक फॉर्मवर पोंक्षे-सानची बायको झाली होती. नोकरी लागली तेव्हा गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला मिळाला, त्या दिवशी ट्रेनमध्ये ती तो उगाचच हातात घेऊन बसली होती. ते दोन शब्द ऐकून ती परत आत गेली नाही.

“पुढचं जरा बसून ऐका, काका,” अनघा म्हणाली. माधवराव बसलेलेच होते.

चरित्रात लिहिलं होतं, पुण्यात आल्यावर ईशकृपेने कवींस चिरंजीव वासुदेव हे पुत्ररत्न लाभले. वासुदेव म्हणजे माधवरावांचे पणजोबा. या घराचा सगळा वंश तिथून सुरू. त्या ओळीशेजारचा समास पूर्ण भरलेला होता, आणि खाली जागा संपल्यावर अक्षर वळून पानाच्या तळाशी गेलं होतं. अनघाने एकदाही न थांबता वाचलं.

“हा माझा. दोन वर्षांचा होता. दादास व वहिनीस मूल नाही आणि बहिणीचा मुलगा दत्तक चालत नाही म्हणून असे केले. घाट चढेपर्यंत आई म्हणे. पुण्यास आल्यावर आत्या म्हणावयास शिकविले. मीच शिकविले. पहिले दोन महिने ताकभात माझ्या हातचाच खाई, वहिनीच्या हातचा खात नसे. पुढे खाऊ लागला.”

आतल्या खोलीत वैभवीची मुलगी रुचा टॅबवर काहीतरी बघत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता.

माधवराव उठले, काचेच्या दारापाशी जाऊन उभे राहिले आणि मागे न वळता बोलायला लागले. शाळेत बोलायचे तसं, मुद्द्यांनी. हे वाचन बरोबर कशावरून? अनघाने सांगितलं, ओगावा बाईंनी स्वतंत्र वाचलं, दोघींचं अक्षरन् अक्षर जुळलं. ती बाई खरं बोलतेय कशावरून? अनघा म्हणाली, खोटं बोलून तिला काय मिळणार होतं? बरं, समजा खरं. तिने ते लपवलं होतं. सगळ्या पुण्याला कळू नये म्हणून तर मोडीत लिहिलं. तिची इच्छा आपण मोडायची का?

इथे अनघाचा आवाज पहिल्यांदा चढला.

“काका, तेव्हा सगळे मोडीतच लिहायचे. वाण्याची यादीसुद्धा मोडीत असायची. तिने काहीच लपवलं नव्हतं. तिने सगळ्यांसमोर लिहून ठेवलं आणि आपण वाचायला विसरलो.”

माधवराव आता फार जोरात बोलू लागले. परिशिष्ट नाही, काही नाही, पुस्तक मुळाबरहुकूम जाईल. दसरा दहा दिवसांवर आहे. चरित्र कवीचं आहे, समासातल्या बाईचं नाही. सत्यजित, फाइल पाठव.

ते असं का म्हणत होते हे त्यांना स्वतःला चांगलं माहीत होतं. तिसरीत असताना मास्तरांनी त्यांना वर्गासमोर उभं करून कवींची कविता म्हणायला लावली होती, आणि मग म्हणाले होते, रक्तातच आहे पोराच्या. ते वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं. स्वतः शंभरेक कविता लिहिल्या, कुणी छापल्या नाहीत. दोन मासिकांनी तर पोचही दिली नाही. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले तेव्हा जो तो विसरला. पण पाटीवर, पत्रिकेत, समितीच्या पत्रावर ‘कवींचे खापरपणतू’ होतं, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. आज ते घ्यायला त्यांचीच पुतणी आली होती. त्यांना तिचा भयंकर राग आला होता, आणि रागाखाली भीती होती.

सत्यजित लॅपटॉपपाशी गेला. अनघाने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी गच्चीवरून पतंग काढताना दोघं एकमेकांच्या जिवावर उभी राहिलेली. तो तिच्या बाजूने बोलेल अशी तिला खात्री होती.

“हे बघ, आता शक्य नाहीये,” तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. समास परत आणायचे म्हणजे सगळी पानं नव्याने लावावी लागतील, आठवडा जाईल. दुसऱ्या आवृत्तीत बघू.

त्याला स्वतःचा आवाज आवडला नाही. प्रोग्राममध्ये त्या अक्षरांना त्याने ‘नॉइज’ म्हटलं होतं. पंधरा ओळींचा कोड, आणि ऑफिसात दाखवला तर कोणीही शाबासकी दिली असती. पण वडिलांचं तोंड बघवत नव्हतं, आणि खोटं बोलणं त्याला सोपं गेलं.

“अर्ध्या तासाचं काम आहे ते,” दारातून वैभवी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. सकाळपासून वाद नको म्हणणारी तीच होती. वैभवी म्हणाली, कच्ची पानं तशीच्या तशी आहेत, गेल्या आठवड्यात तूच मला दाखवलीस. साफ करायचं बटण बंद केलं की समास येतात. मी टेस्टिंगमध्ये काम करते, मला नको सांगूस.

“तू यात पडू नकोस,” सत्यजित हळू म्हणाला.

“मी पडणार. मला मुलगी आहे.”

आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण सासऱ्यांसमोर इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती. तिचे कान गरम झाले. पण ती दारातून हलली नाही.

स्वयंपाकघरात सुहासिनीबाई मऊ भात कालवत होत्या. सगळं ऐकू येत होतं. बाहेर कोण काय म्हणतंय याकडे त्यांनी आयुष्यात फारसं लक्ष दिलं नव्हतं. पुरुषमंडळी कवींबद्दल बोलायला लागली की त्या भाजी निवडायला घेत. पण आज त्यांचा हात मघाशीच थांबला होता. ‘ताकभात’ हा शब्द कानावर पडला तेव्हा.

लग्न होऊन आल्या त्या वर्षी सर्वपित्रीला सासूबाईंनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. पितरांची पानं वाढून झाली की एक पान वेगळं मांडायचं. ते आत्याबाईंचं. त्यावर खीर, वडे, काही नाही. मऊ भात, ताक, मीठ, एवढंच. बायकांनी वाढायचं नाही, घरातल्या थोरल्या पुरुषाने स्वतःच्या हाताने वाढायचं. नाव घ्यायचं नाही. पणजोबा वासुदेवरावांनी घालून दिलेली रीत आहे, का ते विचारायचं नाही. सुहासिनीबाईंनी विचारलं नाही. सत्तेचाळीस वर्षं भात कालवला आणि नवऱ्याच्या हातात वाडगं दिलं. श्राद्धाला ताकभात कुठेच नसतो हे त्यांना माहीत होतं, पण प्रत्येक घराची एक तऱ्हा असते म्हणून सोडून दिलं होतं.

हात तसाच भाताने माखलेला, वाडगं घेऊन त्या बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“अहो, हे मी कोणासाठी कालवतेय?”

माधवरावांनी वाडग्याकडे बघितलं.

“सांगा ना. तुम्हीच वाढता दरवर्षी. तुमच्या वडिलांनी वाढलं, आजोबांनी वाढलं. कोणासाठी?”

त्या फार शांतपणे बोलत होत्या. म्हणाल्या, त्या अक्षरांना तुम्ही खोटं म्हणाल, अनघाच्या बाई चुकल्या म्हणाल. पण वासुदेवराव पण चुकले का? दोन वर्षांचं पोर घाटात कोणाला आई म्हणत होतं ते त्याला आठवलं असेल, नाहीतर मोठेपणी कुणी सांगितलं असेल, नाहीतर हेच पुस्तक त्याने वाचलं असेल. त्याला सगळं ठाऊक होतं. तोंडाने म्हणायची सोय नव्हती म्हणून त्याने पान मांडलं.

माधवरावांनी खुर्चीचा हात धरला. त्यांना वडील आठवले. थंडीतही उघड्या अंगाने, धोतराचा सोगा खोचून, वाडग्यातला भात पानावर ठेवताना. तेवढ्यापुरते ते कुणाशी बोलत नसत. आणि तेरा वर्षांच्या माधवने एकदा विचारलं होतं, आत्याबाई कोण, तर वडील म्हणाले होते, मलाही माहीत नाही रे, पण हे पान चुकवायचं नाही. मोडी वाचायचं चुकलं. पान मात्र कुणीच चुकवलं नव्हतं.

“मग मी कोण?” ते म्हणाले. हे त्यांनी अनघाला विचारलं नाही, बायकोला विचारलं.

“तुम्ही त्यांचेच. कवी आपले मामा झाले, एवढंच,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “मामा काही परका नसतो.”

माधवरावांनी खुर्चीचा हात सोडला. मग त्यांनी अनघाला विचारलं, आणखी काही आहे का. एक आहे, ती म्हणाली, शेवटच्या पानावर. तिचा आवाज आता पार खाली आला होता. सकाळपासून भांडायला बांधलेली कंबर तिला आपोआप सैल झाल्यासारखी वाटत होती.

“पुस्तक चांगले झाले आहे. दादा इतके मोठे नव्हते, परंतु मोठे दिसले तर मला आनंदच. मी वाचले म्हणून लिहिले. पुढे ज्याच्या हाती येईल त्याने वाचावे.”

माधवरावांनी सेनबे या तांदळाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. पाठ कापलेली सुटी पानं त्यात होती. त्यांनी विधवा बहिणीचा उल्लेख असलेलं ते पान शोधून काढलं आणि काचेपाशी उजेडात धरलं. एक अक्षर लागत नव्हतं. गेली तीस वर्षं ही पानं ते उलटत होते, कवींच्या ओळी तर त्यांना पाठ होत्या.

“यातलं सगुणा कुठलं?” त्यांनी विचारलं. अनघाने बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते नाव डोळ्यांनी दोनदा गिरवलं.

मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. सत्यजितला म्हणाले, ते बटण बंद कर, समास जसे आहेत तसे जाऊ देत, आणि प्रत्येक पानाखाली अनघाचं वाचन देवनागरीत टाक. सत्यजित म्हणाला, बाबा, जमेल, अर्धा तास लागेल. वैभवीकडे त्याने बघितलं नाही, पण खुर्ची सरकवून तिला शेजारी जागा केली. ती हात पुसून बसली. अनघा दुसऱ्या बाजूला. तिघं एका स्क्रीनवर वाकली.

मोहनरावांना फोन माधवरावांनी स्वतः लावला. फाइल उशिरा येईल म्हटल्यावर तिकडून कटकट झालीच, आणि मग समास छापायचे म्हणजे पानाचा आकार बदलेल, पत्रिका गेल्या आहेत, समिती काय म्हणेल, असं बरंच काही. माधवरावांनी ऐकून घेतलं.

“समितीशी मी बोलतो. चिटणीस मी आहे. आणि मोहनराव, परिचयात माझ्या नावापुढे कवींचे खापरपणतू आहे ना, ते काढा. सगुणाबाईंचे खापरपणतू असं घाला.”

तिकडून विचारणा झाली असणार, कोण सगुणाबाई.

“पुस्तकात आहेत. छापताना दिसतील तुम्हाला.”

सत्काराचं काय, असं पुढचं होतं. माधवराव म्हणाले, शाल आणली असेल तर राहू द्या, पुस्तकावर घालू. आणि फोन ठेवला. 

बारा वाजता गुरुजी टॅबवर आले. टॅब रुचाने धरला होता आणि तिला सांगून ठेवलं होतं, की हलवायचा नाही. जमिनीवर पानं मांडली होती. फ्रोझन केळीची पानं कडेने काळी पडली होती, पण पानं होती. माधवराव सोवळं नेसून बसले. वडील, आजोबा, पणजोबा, एकेकाचं नाव आणि गोत्र घेऊन तीळ-पाणी सोडून झालं. कवींचंही नाव घेतलं. गुरुजी म्हणाले, झालं, आता नैवेद्य दाखवा.

“एक राहिलंय गुरुजी,” माधवराव म्हणाले.

गुरुजींनी नाव विचारलं. माधवरावांनी सांगितलं. गोत्र विचारलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सासरचं आडनावसुद्धा तिने लिहिलेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप म्हणतात. नातं काय सांगू?

“पणजोबांची आई.”

रुचाने टॅबवरून मान वर केली आणि हळूच जपानीत आईला विचारलं, ही कोण, नवीन आहे का. वैभवीने मराठीत उत्तर दिलं, नाही, सगळ्यांत जुनी आहे.

सुहासिनीबाईंनी वाडगं पुढे केलं. दरवर्षी आत्याबाईंचं पान कडेला, दाराजवळ असायचं. माधवरावांनी ते उचललं आणि पणजोबांच्या पानाला लागून मांडलं. मऊ भात ठेवला, ताक घातलं, मिठाची चिमूट ठेवली. एवढं झालं की ते नेहमी गप्प उठत. आज उठले नाहीत. वासुदेवरावांना जे घाटाच्या वरच्या बाजूला कधीच म्हणता आलं नव्हतं, ते त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या पणतूने कोतोतल्या सातव्या मजल्यावर, मुलाबाळांच्या देखत, मोठ्याने म्हटलं.

“आई, जेव.”